थारचे फेंडर फ्लेअर क्लिप न तोडता काढायचे आहेत

बामणोली_रोड (सातारा)

नमस्कार. गाडी थार, २०२१ चं मॉडेल, डिझेल, हार्ड टॉप. राहतो शाहूपुरीला, पण शेती बामणोलीच्या अलीकडे. म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी यवतेश्वर, कास करत जायचं, आणि शेवटचा दीड किलोमीटर नुसती तांबडी माती. पावसाळाभर गाडीने त्या चिखलात जे सोसलं ते आता दिवाळीनंतर दिसायला लागलंय. उजव्या मागच्या चाकावरच्या काळ्या प्लास्टिक फ्लेअरच्या (चाकाच्या कमानीवरच्या पट्टीच्या) खालच्या टोकाला, फ्लेअर पत्र्याला टेकतो तिथेच, रंग पापडासारखा फुगलाय. नखाने दाबलं की कुरकुरतो. आत गंज धरलाय हे उघड आहे.

फ्लेअर काढायचे, माती धुवायची, गंज घासून प्रायमर आणि रंग मारायचा आणि परत बसवायचे, असं ठरवलंय. आणि हे घरीच करायचंय. गेल्या वर्षी पुढच्या डाव्या चाकाचं लायनर (चाकाच्या वर आतून असतं ते आवरण) दगड लागून फाटलं म्हणून गाडी एका गॅरेजला दिली होती. तिथल्या मुलाने फ्लेअरखाली चपटा स्क्रूड्रायव्हर घातला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेला. कडाकड आवाज मी बाहेर उभा राहून ऐकले. संध्याकाळी फ्लेअर जागेवर होता म्हणून काही बोललो नाही. महिन्याभराने गाडी धुताना बघतो, तर तीन ठिकाणी क्लिपच्या शेजारी सेल्फ स्क्रू थेट पत्र्यात मारलेले. विचारलं नाही, सांगितलं नाही, भोकांना रंगसुद्धा लावला नाही. गाडी वडिलांनी आणि मी अर्धे अर्धे पैसे घालून घेतलीय. त्यांना ते स्क्रू दाखवताना जीवावर आलं होतं.

तर फ्लेअर ओढायचा कुठल्या दिशेने? आधी गरम करायचा का? आणि निघालेल्या क्लिपा परत वापरता येतात, की नव्या आणून ठेवू?

कराड_घाटवाट

लोखंडी हत्यार लावू नका, एवढं पहिलं. प्लास्टिकची ट्रिम काढायची हत्यारं ऑनलाइन स्वस्तात मिळतात. नसतील तर स्वयंपाकघरातलं जुनं प्लास्टिकचं उलथनं घ्या, त्याला मऊ फडकं गुंडाळा. फ्लेअरच्या कडेला लागून रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. हत्यार निसटलं तर टेप फाटेल, रंग वाचेल. क्लिपांचं जाणकारांनी सांगावं, मी दोनदाच काढलेत.

मिरज_डेंटिंग

भावा, मी बावीस वर्षं मिरजेत डेंटिंग-पेंटिंग करतोय. तुझ्या क्लिपा तोडणार आहे ती आत बसलेली माती. आधी तिचं बघ.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीला पूर आला, तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे कित्येक महिने आमच्याकडे येत होत्या. कृष्णेचा गाळ वाळला की सिमेंटसारखा धरतो. क्लिपच्या दोन पाकळ्यांच्या मधे तो गच्च भरलेला असायचा. क्लिप भोकातून सुटते कशी? बाहेर येताना पाकळ्या दबून जवळ येतात. मधे गाळ असेल तर दबतील कुठे? मग ओढलं की पाकळी तुटते, नाहीतर फ्लेअरच्या पाठीवरचं घर उपटून येतं. पहिल्या दोन गाड्यांना आम्ही कोरड्यातच हात घातला आणि दोन्हीचे फ्लेअर वाया गेले. तिसऱ्या गाडीपासून आदल्या रात्री भिजवायला लागलो, आणि कामच बदललं.

घर म्हणजे काय ते नीट समजून घे. फ्लेअरच्या आतल्या बाजूला, फ्लेअरच्याच प्लास्टिकचे छोटे उंचवटे असतात, त्यांना खाच असते. क्लिपचं बूड त्या खाचेत सरकवून बसवलेलं असतं आणि तोंड पत्र्याच्या भोकात. क्लिप किरकोळ पैशांत मिळते. घर मात्र फ्लेअरचाच भाग, ते गेलं की फ्लेअर गेला. तुझ्याकडच्या त्या गॅरेजात बहुतेक घरंच गेली असणार, म्हणून त्यांनी स्क्रू मारले. तेव्हा कुठे अडलंच तर क्लिप कापून टाक, घराला धक्का लागू देऊ नको.

आदल्या संध्याकाळी चाकाच्या आतून, खालून वर असा पाण्याचा जोरदार फवारा मार. रंगाच्या कडेवर जवळून मारू नको, फुगलेला रंग उडेल. लाल पाणी यायचं थांबेपर्यंत मारत राहा. मग भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात कालवून स्प्रे बाटलीने फटीत सोड. सकाळी परत एकदा. साबणाने क्लिप बुळबुळीत होते आणि सरळ येते. काही जण डिझेल किंवा ऑइल मारतात. ते नको, पुढे तिथे प्रायमर धरत नाही.

गाडी सपाट जागी घे, बाकीच्या चाकांना दगड लाव, जॅकवर उचलून खाली स्टँड दे आणि चाक काढ. नुसत्या जॅकवर गाडी असताना आत डोकं घालायचं नाही. चाक निघालं की निम्मं काम समोर दिसतं. आधी लायनरचे स्क्रू आणि बटणं काढ. बटणं दोन जातीची असतात. काहींचा मधला खिळा वर उचलायचा, काहींचा आत दाबायचा. खिळ्याच्या कडेला नख घालायला खाच असेल तर उचलायचा. सपाट असेल तर बारीक पेचकसाने जरासा आत दाब, टक झालं की थांब आणि सगळं बटण बाहेर घे. जास्त दाबलास तर खिळा आत पडतो.

आता बॅटरी मारून फ्लेअरच्या मागे बघ आणि जिथे जिथे क्लिप आहे तिथे बाहेरच्या बाजूला टेपवर खडूने खूण कर. ही खूण केल्याशिवाय ओढायला लागू नको. दोन क्लिपांच्या मधे धरून ओढलं की फ्लेअर वाकतो, आणि वाकला की क्लिप तिरपी होऊन अडकते. जिथे खूण तिथेच बोटं. पत्र्याशी काटकोनात, सरळ आपल्याकडे. वर नाही, खाली नाही. खालच्या टोकापासून सुरुवात कर, एक सुटली की मग पुढची. मागून हात पोचत असेल तर दुसऱ्या माणसाने नोज प्लायरने पाकळ्या चिमटीत धरायच्या आणि तू बाहेरून ओढायचं, अशी क्लिप हमखास जिवंत येते. मागच्या चाकाला सगळीकडे हात जाईलच असं नाही. तिथे दोन बोटांसारखी फाट असलेलं प्लास्टिकचं हत्यार घराच्या खाली सरकव, म्हणजे जोर बुडाशी लागतो.

गरम करायचं तर केस वाळवायचं ड्रायर पुरे. तळहात ठेवता येईल एवढंच. हीट गन जवळ धरलीस तर फ्लेअरचा खरखरीत पोत वितळून चकचकीत डाग पडतो, तो परत जात नाही. सकाळच्या गारठ्यात काम धरू नको. अकरा वाजेपर्यंत गाडी उन्हात ठेव आणि मग हात लाव.

वाईची_जिप्सी

काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझ्या गाडीला बाहेरून बसवलेले फ्लेअर होते, त्यांना क्लिपांबरोबर फोमची डबल टेपही होती. तुमच्या गाडीला आधीच्या कुणी टेप लावली असेल तर नुसतं ओढू नका, टेपबरोबर रंगाचा पापुद्रा येतो. मासे धरायचा तंगूस घ्या, दोन्ही टोकांना काडी बांधा आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढत टेपच्या मधून न्या. उरलेला फोम अंगठ्याने घासला की त्याच्या गोळ्या होऊन निघतो. थिनर लावू नका. माझ्या दरवाज्याच्या कडेला अजून तो मॅट डाग आहे.

कुपवाड_मोल्डिंग

मी प्लास्टिक मोल्डिंगमध्ये काम करतो, त्या बाजूने दोन गोष्टी.

क्लिपा बहुतेक नायलॉनच्या असतात. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि त्यानेच चिवट होतं. साच्यातून नुकतं निघालेलं किंवा अगदी कोरडं नायलॉन ठिसूळ असतं, म्हणून आमच्याकडे काही पार्ट मुद्दाम गरम पाण्यात ठेवून मग पाठवतात. नव्या क्लिपा बसवण्याआधी तास-दोन तास गरम पाण्यात टाका. बसवताना पाकळी मोडण्याचं प्रमाण कमी होतं. मात्र इंजिनाजवळच्या उष्णतेने आणि उन्हाने जुनी झालेली क्लिप पाण्यात ठेवून परत तरुण होत नाही. वाकवून बघा, पांढरी रेघ उमटली तर टाकून द्या. त्यामुळे नव्या आधी आणून ठेवाच, निदान निम्म्या तरी.

दुसरं, फ्लेअरच्या पाठीवर बाणासारख्या दोन कंसांत अक्षरं कोरलेली असतात, ती वाचा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. यावर सुपरग्लू किंवा एपॉक्सी धरत नाही, या प्लास्टिकचा पृष्ठभागच चिकट पदार्थांना धरून ठेवत नाही. घर तुटलं तर प्लास्टिक वेल्डिंग करावं लागतं, म्हणजे त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी गरम करून वितळवून जोडायची. एबीएस लिहिलेलं असेल तर पेट्रोल आणि थिनर जवळ आणू नका, त्याला तडे जातात.

बामणोली_रोड (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी केलं, आता हात दुखतायत पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी मिळून तास-दीड तास नुसतं पाणी मारलं. उजव्या मागच्या एका फ्लेअरमधून अर्धी बादली माती निघाली, खोटं नाही सांगत. खालच्या टोकाला तर गवताची मुळं होती, बारीक पांढरी, फोमच्या पट्टीत शिरलेली. वडील बॅटरी धरून बसले होते. त्यांनी ती मुळं हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

खडूच्या खुणांचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. मी दोनदा विसरून मधे धरलं आणि दोन्ही वेळा फ्लेअर वाकलेला लगेच दिसला, लगेच सोडलं. उजव्या बाजूचे दोन्ही फ्लेअर निघाले, एकही घर गेलं नाही. दोन क्लिपा तुटल्या, दोन्ही खालच्या टोकाच्या, जिथे माती दगड झाली होती. चार क्लिपांवर पांढरी रेघ दिसली, त्या बाजूला काढल्या.

गंज मला वाटला होता त्यापेक्षा कमी खोल आहे. पत्र्याला आरपार भोक नाही. पण फ्लेअरची कड जिथे टेकते त्या सगळ्या रेषेवर रंग घासून गेलाय, जसा पॉलिश पेपरने घासावा. आणि क्लिपच्या भोकांच्या कडा लाल झाल्यात. तार-ब्रश मारून रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) लावून ठेवलंय.

आता डाव्या पुढच्या बाजूचे ते तीन सेल्फ स्क्रू उरलेत. काढायचे आहेत. पण त्या भोकांचं करू काय? वेल्डिंग करायचं का?

मिरज_डेंटिंग

चांगलं केलंस. रंग पॉलिश पेपरने घासल्यासारखा दिसला म्हणालास, तसंच होतं ते. फ्लेअर चालत्या गाडीत बारीक थरथरतो, मधे कासच्या जांभ्याची खडी अडकलेली, दिवसभर घासणं चालूच. रंग गेला की ओल आत शिरते. म्हणून परत बसवताना त्या रेषेवर पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्मची बोटभर पट्टी लाव. आणि फोमची जुनी पट्टी परत लावू नको, ती पाणी धरून ठेवते. कडेच्या रबराची बीडिंग मिळते, ती घे.

स्क्रूच्या भोकांना वेल्डिंग नको. एवढ्या भोकासाठी पातळ पत्र्याला आच दिलीस तर आजूबाजूचा कारखान्यातला रंग आणि त्याखालचा थर जळेल, मागच्या बाजूने नवा गंज. स्क्रू हळू उलटे फिरवून काढ, भोकाची कड कानसने साफ कर, दोन्ही बाजूंनी एपॉक्सी प्रायमर, वर रंग. वाळलं की प्रायमरच्या थेंबात बुडवून रबरी ग्रोमेट, म्हणजे भोक बंद करायचं बूच, बसव. फ्लेअरखाली झाकलं जातं, पाणी जात नाही. त्या बाजूची घरं बघ. गेली असतील तर कुपवाडवाल्यांनी सांगितलं तसं प्लास्टिक वेल्डिंग करून घे. तुझ्या हातातल्या शाबूत फ्लेअरवर घराची उंची मोजून ठेव, वेल्डरला माप लागेल.

क्लिपा घेताना जुनी क्लिप सोबत ने आणि दुकानात पत्र्याच्या भोकाचं मापही सांग. दिसायला सारखी असते पण मान एक मिलिमीटरने जाड-बारीक निघते, मग एकतर बसत नाही नाहीतर फ्लेअर खुळखुळतो.

बसवताना सगळ्या क्लिपा आधी घरांत सरकव, भोकांसमोर आण आणि मग मधल्यापासून दोन्हीकडे तळहाताने दाबत जा. टक ऐकू आलं पाहिजे. हातोडी, बुक्की काही नाही. पुढच्या बाजूला दिव्याची वायर असेल तर कनेक्टर आधी जोडून इंडिकेटर लागतो का बघ, मग दाब.

बामणोली_रोड (सातारा)

प्रायमर आणि रंग आणलाय, क्लिपा मात्र पोवई नाक्याला बघितल्या त्या मापात बसल्या नाहीत. जुनी घेऊन गुरुवारी सांगलीला येतोय, तिथेच बघतो. काका, वेळ असेल तर डावा फ्लेअरही सोबत आणतो, घरं तुम्हीच डोळ्याखालून घाला.

मिरज_डेंटिंग

आण. दुपारनंतर ये, सकाळी रंगाच्या बूथमध्ये गाडी आहे. आणि फ्लेअर डिकीत उभा ठेवू नको, जाजमावर पालथा ठेव, घरांवर वजन येऊ देऊ नको.