भित्तिचित्रांनी वस्तीचं मन सावरतं का?

गेरू: भित्तिचित्र म्हणजे नुसती रंगरंगोटी, असं ज्यांना वाटतं त्यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचं काम बघावं. भिंती विद्रूप करणाऱ्या मुलांनाच हाताशी धरून १९८४ साली चित्रकार जेन गोल्डन यांनी तिथे काम सुरू केलं. पुढे शहराच्या मानसिक आरोग्य खात्याच्या साथीनं 'पोर्च लाइट' हा भित्तिचित्रांचा उपक्रम उभा राहिला. येल विद्यापीठाच्या पाहणीत अशा चित्रांभोवतीच्या वस्त्यांत मानसिक आजाराबद्दलची अढी कमी झालेली आणि एकोपा वाढलेला दिसला.

उंबरठा: अढी कमी होणं वेगळं, आजार बरा होणं वेगळं. तिथे उपचार केंद्रात येणारी माणसंच चित्रात सामील झाली. म्हणजे चित्र उपचाराच्या जोडीला होतं, त्याच्या जागी नाही. आपल्याकडे घाटकोपरजवळच्या असल्फाच्या टेकडीवरची घरं रंगवली, मेट्रोतून सुंदर दिसतात. पण समुपदेशकाची जोड नसेल, तर त्या रंगाला मनाचा उपचार म्हणू नये. लोक दिखाव्याला भुलतात याचा मला राग येतो.

गेरू: जोड हवीच, मान्य. पण चित्र कोण काढतं यावरही सगळं अवलंबून आहे. फिलाडेल्फियात चित्र थेट भिंतीवर क्वचितच काढतात. पाच-पाच फुटांच्या पातळ, न विणलेल्या कापडावर रेषा आखून, रंगांचे क्रमांक टाकून देतात. त्यामुळे परांचीवर चढू न शकणारी आजी, केंद्रातला रुग्ण, शाळकरी पोर, सगळे टेबलाशी बसून रंगवतात. मग अ‍ॅक्रिलिक जेलनं ते तुकडे भिंतीला चिकटवतात. आत्महत्येत माणूस गमावलेल्यांसोबत २०१२ साली केलेलं तिथलं चित्र बघा. ती माणसं आधी एकत्र बसून बोलली, रंग नंतर आला.

सफेदी: पद्धत चांगली, पण आपल्या भिंतींना जपून. ओल असेल तर आतले क्षार बाहेर येऊन लोणा फुटतो आणि कापडासकट पोपडे सुटतात. आधी गळकी पाइप, वरची कडा, भेगा बघा. सुटा गिलावा खरवडून नवा करा, तो पुरता वाळू द्या, मग प्रायमर. चिकटवताना मधून कडेकडे रोलर फिरवून हवा काढा, कडांना जेल जास्त लावा. पाणी तिथूनच शिरतं. आणि देखभालीचे पैसे पहिल्याच खर्चात धरा. शोकाचं चित्र दोन पावसाळ्यांत सोललं, तर ज्यांचं दुःख त्यावर आहे त्यांना ते रोज बघावं लागतं.

उंबरठा: हे पटलं. मग अंदाजपत्रकात रंगाच्या ओळीखाली समुपदेशकाचं मानधनही लिहा, आणि चित्र पूर्ण झाल्यावरही ते चालू ठेवा.