दोन राउंड घेऊनही मेरी हरली ती कशी?

मडगावकर: कुडचडेकरांनी इथे लिहिलंय, ‘टोकियो ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमने तीनपैकी दोन राउंड घेतले तरी तिला हरवलं, जज विकलेले.’ अहो, आधी बेरीज तरी करा! पाच जजांचे कौल बघा: पहिला राउंड 4-1 ने कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाचा, पुढचे दोन 3-2 ने मेरीचे. म्हणजे जजांच्या पंधरा कौलांपैकी मेरीला सात, व्हॅलेन्सियाला आठ. निकाल राउंड मोजून लागत नाही. प्रत्येक जजच्या तीन राउंडांची बेरीज होते आणि पाचांपैकी जास्त कार्डं (जजांच्या गुणपत्रिका) जिची, ती जिंकते. इथे तीन व्हॅलेन्सियाची.

कुडचडेकर: गणित कळलं. पण एकाच राउंडवर पाच जणांचे 3-2 होतात, म्हणजे कुणीतरी झोपलेला! ठोसा लागला की जज बटण दाबायचे, तेच बरं होतं. 1988 ला सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने 86 ठोसे लावले, कोरियन पोराने 32, तरी 3-2 ने कोरियन जिंकला. म्हणून तर ऑलिम्पिकमध्ये 1992 पासून बटणं आली.

पेडणेकर: आणि 2012 च्या लंडन ऑलिम्पिकनंतर ती का गेली, तेही सांगा. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदात बटण दाबलं तरच गुण. पोटातला हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) पाठमोऱ्या बॉक्सरमुळे दोघांना दिसतच नाही, तो फुकट. लागोपाठ तीन ठोसे मारले तर जजांची बोटं मागे पडतात. मग पोरं लांबून सरळ ठोसा टेकवून पळायला लागली. त्याला बॉक्सिंग म्हणायचं?

कुडचडेकर: निदान मोजणी तरी होती! आता राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9 लिहिलं की संपलं.

मडगावकर: बटणं पुरे. स्वतः गुण द्यायचे तर मॅच टीव्हीचा आवाज बंद करून बघा. फातोर्ड्याच्या स्टेडियममधल्या गॅलरीसारखी आरडाओरड कानात असली की ग्लव्हवर अडवलेला ठोसाही लागलेला वाटतो. मुठीच्या गाठींचा भाग डोक्याच्या पुढे-बाजूला किंवा पट्ट्याच्या वर धडावर बसला तरच धरा; दंडावरचा नाही. नजर आपल्या माणसावरच खिळते, म्हणून पहिला मिनिटभर मुद्दाम समोरच्याचे हात बघा. घंटा झाली की लगेच आकडा लिहा, मागचं कार्ड बघू नका. शेवटच्या वीस सेकंदांची झोंबाझोंबी अख्खा राउंड खाऊन टाकते, तिथेच बहुतेक जण फसतात.

पेडणेकर: आणि पुढे पुढे येणारा म्हणजे वरचढ, असंही नाही. मागे सरकत नेमके ठोसे लावणाऱ्याचाच राउंड.

कुडचडेकर: ठीक. ‘विकलेले’ मागे घेतो. पहिला राउंड आवाज बंद करून पुन्हा बघेन. बटणांबद्दल मात्र माझं मत तेच.