हौशी सुतारकामासाठी मॉइश्चर मीटर: पिनचा घ्यावा की बिनपिनचा?

प्रश्न (कर्वेनगरचा हौशी)
गेल्या पावसाळ्यात आंब्याच्या फळ्या जोडून मी बैठे टेबल केले. दुकानदाराने लाकूड वाळलेले असल्याची खात्री दिली होती, तरी एप्रिलमध्ये वरच्या फळीला हातभर तडा गेला. आता लाकडातली ओल मोजणारा मीटर घ्यावा म्हणतो. पिनचा घ्यावा की बिनपिनचा? खर्चाची मर्यादा दोन हजार रुपये आहे.

उत्तर १ (रंधेकरी)
पिनचा घ्यावा. दोन पिनांमधील लाकडाचा विद्युतरोध तो मोजतो; ओल जास्त तितका रोध कमी. मात्र आखूड पिना पृष्ठभागापुरतेच सांगतात, आणि जाड फळी बाहेरून कोरडी व आतून ओली असू शकते. म्हणून टोकापासून वीतभर आत फळी कापून त्या ताज्या कापावर मध्यभागी पिना टोचाव्यात. साधारण ३० टक्क्यांच्या वर आकड्यावर भरवसा ठेवू नये. उन्हात तापलेली फळी सावलीत निवल्यावरच मोजावी, अन्यथा आकडा फुगतो.

उत्तर २ (जुना सागवान)
बिनपिनचा मीटर लाकडाला भोक पाडत नाही, हे खरे. पण त्याचे वाचन लाकडाच्या घनतेवर अवलंबून असल्याने आंबा आणि शिसव यांना एकच सेटिंग चालत नाही. शिवाय वाड्यांतून निघालेल्या सागवानात दडलेला एखादा खिळा त्याला हमखास फसवतो. (त्या खिळ्यांनी माझ्या रंध्याची किती पाती खाल्ली, याचा हिशेब मी ठेवलेला नाही.)

उत्तर ३ (सदाशिव पेठ)
मीटर कोणताही घेतलात तरी कोणत्या आकड्याची वाट पाहायची, हे आधी ठरवावे लागेल. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडातली ओल कालांतराने सुमारे १६ टक्क्यांवर स्थिरावते, आणि ३० टक्के असेल तर ६ टक्क्यांच्या आसपास. पुण्यातला श्रावण आणि एप्रिलमधली दुपार यांत जवळजवळ एवढेच अंतर असते. त्यामुळे आपल्या घरात दोन-तीन वर्षे राहिलेला त्याच जातीचा तुकडा त्याच मीटरने मोजावा आणि नवी फळी त्याच्या जवळ येईपर्यंत थांबावे. स्वस्त मीटरची चूक दोन्ही वाचनांत सारखीच येत असल्याने या तुलनेत ती फारशी आड येत नाही. मीटरचीच शंका आली, तर छोटा तुकडा वजन करून १०३ अंश सेल्सिअसला वजन घटायचे थांबेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवावा: ११८ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला, तर ओल कोरड्या वजनाच्या १८ टक्के.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पिनचाच घेतो. तडा गेलेल्या टेबलाचा एक तुकडा तुलनेसाठी कपाटावर ठेवला आहे. ओव्हनसाठी मात्र घरून परवानगी मिळालेली नाही.