प्रतिसाद: फळी का निखळते?

नव्या घरात फळ्या लावायला ड्रिल मशीन घेऊ की भाड्याने आणू, असा मूळ प्रश्न आहे, आणि वर सगळी चर्चा मशीन किती वॉटची (ताकदीची) हवी यावरच चाललीय. पण फळी निखळते ती बहुतेक वेळा भोकामुळे, मशीनमुळे नाही.

प्लग (स्क्रू पकडून ठेवायला भोकात बसवतात ती प्लॅस्टिकची नळी) ६ मिमीचा तर बिटही (मशीनला लावायचं भोक पाडणारं पातं) ६ मिमीचाच, आणि काँक्रीटमध्ये चालणारा. भोक प्लगपेक्षा साधारण १ सेंमी जास्त खोल हवं. बिटच्या टोकापासून तेवढ्या खोलीवर (प्लगची लांबी अधिक १ सेंमी) चिकटपट्टी गुंडाळली की अंदाजपंचे काम राहत नाही. मग भुकटी फुंकून काढायची. (डोळे मिटून! मी एकदा नाकातोंडात भरून घेतलीय.) प्लग हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी भिंतीला सपाट बसला पाहिजे. नुसत्या बोटाने सुर्रकन आत गेला, तर भोक ऐसपैस झालंय. काडेपेटीच्या काड्या कोंबत बसू नका, सरळ ८ मिमीचं भोक करून मोठा प्लग आणि त्याला साजेसा जाड स्क्रू घाला.

टाइलवर हॅमर मोड (बिट फिरता फिरता ठोके मारतो ती सोय) बंद, नाहीतर तडा ठरलेला. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल लावूच नका, वायरिंगचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो.