‘श्वापद’ आणि ‘ख्रिस्तविरोधक’ एकच का?

प्रश्न : परवा यूट्यूबवर एक प्रवचन ऐकलं. बोलणारे आधी बायबलमधलं ‘श्वापद’ म्हणत होते, मग मधूनच ‘ख्रिस्तविरोधक’ म्हणायला लागले आणि शेवटी दोन्ही म्हणजे पोप असं सांगून मोकळे झाले. माझी आई वसईची, कॅथलिक, तिला ते फार लागलं. हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत का? जाणकारांनी सांगावं.

उत्तर : ताई, एक नाहीत. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, एकदाही येत नाही, जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकातही नाही. तो फक्त योहानाच्या पत्रांत आहे आणि तिथे पुष्कळ ख्रिस्तविरोधक आधीच झालेत असं म्हटलंय, म्हणजे येशू हाच ख्रिस्त हे नाकारणारे त्या काळातले लोक. श्वापदाची शिंगं, डोकी, ६६६ हा त्याचा आकडा, यांचा तिथे पत्ताच नाही. दोन्ही एकत्र केले ते नंतरच्या वाचकांनी, आणि तेही फार लवकर, दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक इरेनियससुद्धा तसंच लिहितो.

श्वापदाचं मूळ दानीएलाच्या ७व्या अध्यायात आहे. समुद्रातून चार श्वापदं निघतात, सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि लोखंडी दातांचं, दहा शिंगांचं चौथं. अर्थ तिथेच दिलाय, की चौथं श्वापद म्हणजे चौथं राज्य. आता प्रकटीकरण १३ शेजारी ठेवून वाचा : अंग चित्त्यासारखं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, शिंगं दहा, डोकी सात. दानीएलाच्या चौघांची डोकी मोजा, एक, एक, चार, एक, बरोबर सात! म्हणजे प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाने चारही साम्राज्यं एका अंगात कोंबलीत आणि पहिल्या वाचकांना ते रोम आहे हे लगेच कळलं असणार, कारण १७व्या अध्यायात सात डोकी म्हणजे सात डोंगर असं सरळ लिहिलंय आणि सात टेकड्यांचं शहर कुठलं हे तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक. प्रकटीकरणातली ‘मोठी बाबेल’ही त्यातलीच, बाबेलने (बॅबिलोनने) यरुशलेमचं मंदिर पाडलं होतं, रोमने इ.स. ७० मध्ये पुन्हा पाडलं.

दुसरं उत्तर : ६६६ राहिलं. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. ‘नेरोन केसर’, म्हणजे रोमचा सम्राट नीरो, असं लिहा : नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. आणि प्रकटीकरणाच्या काही जुन्या प्रतींत ६१६ आहे, ते ‘नेरोन’मधला शेवटचा नून गाळून लॅटिन पद्धतीने ‘नेरो’ लिहिलं की ५० कमी होऊन बरोबर येतं. दोन्ही आकडे एकाच नावातून निघतात, मला तरी हा योगायोग वाटत नाही. पण इरेनियसला ही फोड माहीत दिसत नाही, तो ‘लातेइनोस’ वगैरे ग्रीक नावं सुचवतो.

प्रश्न : मग पोप कुठून आले मध्येच?

उत्तर : ते चर्चच्या भांडणातून आले. रोमचं साम्राज्य पडलं तरी शेवट काही आला नाही, मग चौथ्या राज्याचं पुढे काय हा प्रश्न उरला, आणि रोममध्ये सत्ता म्हणून शिल्लक होते पोप. पोपविरुद्ध उभा राहिलेला प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर, त्याच्या १५२२ च्या सप्टेंबरमधल्या जर्मन नव्या करारात चित्रकार क्रानाखच्या चित्रात बाबेलच्या वेश्येच्या (प्रकटीकरण १७ मधल्या, श्वापदावर बसलेल्या बाईच्या) डोक्यावर चक्क पोपचा तीन मजली मुकुट होता, त्यावर ओरड झाली आणि डिसेंबरच्या आवृत्तीत तो साधा करावा लागला. कॅथलिक बाजूने दोन जेझुइटांनी (एका कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी) उत्तरं दिली, रिबेरा म्हणाला हे बरंचसं शेवटच्या काळात घडायचंय, अल्काझार म्हणाला हे बरंचसं जुन्या रोममध्येच घडून गेलं. आज प्रवचनांत जे मतभेद ऐकू येतात त्यातले बरेचसे तिथूनच फुटलेत.

तुमच्या त्या वक्त्यांनी बहुतेक १२६० वर्षांचाही हिशोब मांडला असेल. प्रकटीकरण १३ मध्ये श्वापदाला सत्ता मिळते ते बेचाळीस महिने गुणिले तीस म्हणजे १२६० दिवस, एक दिवस म्हणजे एक वर्ष धरायचं, इ.स. ५३८ पासून मोजून १७९८ ला यायचं, त्या वर्षी फ्रेंच सेनापती बेर्तियेने रोम घेतलं आणि पोप सहावा पायस कैदेत गेला. १७९८ ची घटना खरी आहे पण ५३८ ही सुरुवात मला ओढूनताणून वाटते, त्या वर्षी ऑस्ट्रोगॉथ या जर्मन टोळीने रोमचा वेढा उठवला आणि लढाई मात्र पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिली.

म्हणून आईंना सांगा की पोपवाला अर्थ सोळाव्या शतकातल्या झगड्यात पक्का झालेला आहे, शास्त्राच्या ओळीत तो लिहिलेला नाही.

तिसरं उत्तर : एक भर. मराठी शास्त्र (बायबल) प्रकटीकरणातल्या देवाच्या सिंहासनाभोवतीच्या चौघांना ‘प्राणी’ म्हणतं आणि समुद्रातल्याला ‘श्वापद’. ग्रीकमध्येही शब्द वेगळेच आहेत, जुन्या इंग्रजी भाषांतरात मात्र दोन्हीकडे एकच शब्द पडलाय आणि तिकडचे वाचक गोंधळतात. आपल्याकडे ‘श्वापद’ म्हटलं की हिंस्रपणा आलाच, तेव्हा त्या चौघांना चुकूनही श्वापद म्हणू नका.

प्रश्न : आणि ‘ख्रिस्तविरोधी’ चालेल का?

उत्तर : विशेषण म्हणून चालेल, ‘ख्रिस्तविरोधी शिकवण’ असं. माणसासाठी ‘ख्रिस्तविरोधक’च लिहा.