त्वचेचं शेडिंग जमतच नाहीये, चेहरे खडू फासल्यासारखे दिसतायत

पिंगट_उंदीर:
मंडळी, वर्षभर मिनिएचर रंगवतोय, म्हणजे छोट्या आकृत्या, २८-३२ मिमीवाल्या. चिलखत, कापड, तलवारी आता बऱ्यापैकी जमतं पण त्वचा आली की गाडं अडतं. सध्या टेबलावर एक बार्बेरियन (रानटी योद्धा) आहे, जवळजवळ उघडाबंब, म्हणजे चूक लपवायला जागाच नाही. बेसकोट (खालचा मूळ रंग) दिला, वर तपकिरी वॉश (खाचांत साचून सावली देणारा पातळ रंग) ओतला, वाळल्यावर त्याच बेसमध्ये पांढरा मिसळून हायलाइट, म्हणजे उजळ भाग, काढले. आता छातीवर वॉशचे कडा असलेले डाग पडलेत, चहाच्या कपाचा गोल उमटतो ना टेबलावर, अगदी तसे, आणि नाकागालावर खडू. हातभर लांबून बघितलं तर उलट सगळं सपाट! ब्लेंडिंग (गडद-उजळ एकमेकांत मिसळवणं) वाईट आहे म्हणून होतंय का हे? बारीक काम म्हणून ००० ब्रशपण आणला, काही फरक नाही.

कोरडा_ब्रश:
ब्लेंडिंग सोड आत्ता. मोबाइलवर फोटो काढ आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघ. गाल, मान, काख सगळं एकाच करड्यात दिसलं तर रोग तिथे आहे, तुझ्या गडद आणि उजळमध्ये अंतरच नाहीये. इतक्या छोट्या आकृतीवर खऱ्या उजेडाची सावली नीट पडत नाही, ती आपणच रंगवायची असते. म्हणजे हनुवटीखाली, डोळ्यांच्या खाचेत, छातीच्या स्नायूखाली तुला जरा जास्तच वाटेल इतकं गडद जा. काळा मात्र घालू नको, कातडी मळकट दिसते. लालसर तपकिरी किंवा चिमूटभर जांभळा घाल. वर जाताना पांढऱ्याऐवजी हस्तिदंती, कारण नुसता पांढरा रंग फिका करतो आणि थंडपण करतो, तोच तुझा खडू. तयार रंग हवे असतील तर सिटाडेल ब्रँडचं बगमन्स ग्लो, मग केडियन फ्लेशटोन, मग किस्लेव्ह फ्लेश ही चढण जुनी आहे पण चालते.

वॉश ओतू नको रे. ब्रशने खोबणीत नेऊन ठेव. सपाट जागी साठला तर ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घे, अर्धवट वाळला की हात लावायचा नाही, तिथेच ती कड तयार होते. पातळ करायला पाण्याऐवजी मॅट मीडियम (रंग नसलेलं, न चकाकणारं माध्यम) वापर. आणि ००० ठेवून दे, पोटात रंगच मावत नाही, मिनीपर्यंत पोचेस्तोवर टोकावर वाळतो. १ नंबरचा चांगल्या टोकाचा ब्रश बास.

संध्याछाया:
वरचं सगळं बरोबर पण मला विचाराल तर त्वचेवर वॉश नकोच, ग्लेझ करा. (माझं हे मत इथे सगळ्यांना पाठ झालंय, माहितीये.) रंग इतका पातळ करायचा की नखावर ओढला तर खालचं नख दिसलं पाहिजे. मग ब्रश टिश्यूला टेकवायचा, हे विसरलात की ग्लेझचा वॉश झाला समजा. आणि स्ट्रोक जिथे संपतो तिथे जास्त रंग सुटतो, म्हणून सावली करताना सावलीकडे ओढा, हायलाइट करताना उजेडाकडे. एक थर पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. पाच-सहा थर लागतात, पहिल्या दोनमध्ये काहीच झालं नाही असं वाटतं आणि नेमके तिथेच लोक कंटाळून रंग दाट करतात.

चेहऱ्याला अजून एक. कपाळ किंचित पिवळसर, नाक-गाल-कान लालसर, जबडा किंचित निळा-करडा, दाढीचे खुंट असल्यासारखा. खालच्या ओठाला लालसर ग्लेझचा एक थर. इतकं केलं तरी बाहुलीचा माणूस होतो.

आळशी_ऑर्क:
मी हिरवी कातडी रंगवणारा, त्यामुळे माझे दोन पैसे: ऑर्कला (हिरवे राक्षस) हायलाइट देताना हिरव्यात पांढरा नाही, पिवळा. सावलीत गडद निळा किंवा लालसर तपकिरी. काळ्यासावळ्या माणसांनाही तेच, उजळ करायला नारिंगीकडे झुकणारा तपकिरी घ्या, पांढऱ्याने राख फासल्यासारखं होतं. आणि कुठे उजळ करायचं कळत नसेल तर आधी काळा प्राइमर, मग वरून तिरका पांढरा मारा, झेनिथल म्हणतात ते. उजेड कुठे पडतो ते मिनीच सांगते, फोटो काढून ठेवा म्हणजे रंग चढल्यावर विसरायला होत नाही.

पिंगट_उंदीर:
फोटो काढला. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये माझा बार्बेरियन म्हणजे उकडलेला बटाटा, लाज वाटली. छाती सरळ बेसने परत झाकली, बरगड्यांखाली तपकिरीत जांभळा घालून ग्लेझ केलं. टिश्यूला टेकवायचं दोनदा विसरलो, तिथे परत डाग. पण उजवा खांदा बघून मीच चकित झालो, गोल दिसतोय चक्क. एक शंका, वॉशवाला भाग अजून चकाकतोय, वरून परत रंगवू का?

कोरडा_ब्रश:
काही वॉश वाळल्यावर चकाकतातच. शेवटी मॅट वार्निश मार, जाईल. पण तोवर चकाकीला हायलाइट समजू नको, दिव्याखाली मिनी फिरवून बघ, जी हलते ती चकाकी.

पिंगट_उंदीर:
हलतेय! बरं, आज चेहऱ्याला हात घालतो. डोळे तर आधीच तिरळे झालेत, त्याचा वेगळा धागा काढेन.