चौरीचौरानंतरची माघार: गांधींचं चुकलंच

हैबती
४ फेब्रुवारी १९२२. गोरखपूर जिल्ह्यात चौरीचौराला पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. गोळ्या संपल्यावर जमावाने ठाणं पेटवलं, बावीस पोलीस मेले. आठवड्याभरात गांधींच्या आग्रहाने बार्डोलीत काँग्रेसचा ठराव झाला आणि देशभरातलं असहकार आंदोलन बंद! लोकांनी वकिली सोडली होती, पोरांनी कॉलेजं. मोतीलाल नेहरू, लजपतराय तुरुंगातच होते, ते खवळले. एका गावापायी सगळ्या देशाला का बसवलं?

ओसरी
बिनहत्यारी फौजेची शिस्तच मोडली तर उरतं काय? सरकारला दडपायला निमित्त. आणि गांधींनी हात झटकले नाहीत. पाच दिवस उपास केला. १८ मार्चला अहमदाबादेत खटल्यात धंदा सांगितला शेतकरी आणि विणकर, चौरीचौराची जबाबदारी अंगावर घेतली, वर जास्तीत जास्त शिक्षा मागितली. सहा वर्षं मिळाली.

हैबती
आणि दडपशाही टळली का? सेशन कोर्टाने १७२ जणांना फाशी सुनावली. हायकोर्टात बरेच वाचले, तरी १९ जण लटकलेच. त्यांच्यासाठी कोण उपाशी राहिलं?

कंदील
अवांतर: गांधींची ती सहा वर्षं पुरी झाली नाहीत. १९२४ च्या जानेवारीत येरवड्यातून ससूनला आणून अपेंडिक्स काढलं. ऑपरेशन चालू असताना वीज गेली, शेवट कंदिलावर उरकला. महिन्याभरात सुटका. चालू द्या तुमचं.

गिरणगल्ली
मी सोलापूरचा, त्यामुळे राहवत नाही. मे १९३० मध्ये आमच्याकडे पोलीस चौकी जळली, कोर्ट जळलं, मार्शल लॉ लागला. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. मिठाचा सत्याग्रह थांबला? नाही. मग बावीस साली थांबवायचं काय अडलं होतं?

ओसरी
गांधींना ५ मेला कराडीहून उचललं, त्या बातमीनंच तर सोलापूर पेटलं. कोठडीत बसलेला माणूस काय थांबवणार?

गिरणगल्ली
बंगालात चितगावचं शस्त्रागार त्याच वर्षी १८ एप्रिलला लुटलं. तेव्हा ते बाहेरच होते की.

ओसरी
बरं, ही तारीख माझ्या विरोधात जाते, मान्य. पण चितगावचे क्रांतिकारक मुळात अहिंसेच्या शपथेतले नव्हते. चौरीचौराचे लोक गांधींचा जयजयकार करत निघाले होते, त्यांचे स्वयंसेवक होते. आपल्या माणसाने केलं की जबाबदारी आपली.

हैबती
चितगावचे पुढारी सूर्य सेन तिथल्या जिल्हा काँग्रेसचे पदाधिकारी होते. ते कुणाचे?